ताई, अंगावरून जातंय

लावणीच्या दिवसांत कर्जतच्या वाड्यावस्त्यांवर नर्स म्हणून फिरताना हमखास कुणीतरी मला पडवीच्या कोपऱ्यात ओढते आणि कुजबुजते, "ताई, अंगावरून जातंय." म्हणजे योनीतून स्राव. दिवसभर चिखलात वाकून भिजलेले कपडे अंगावरच सुकतात. आतले कपडे तर साडीखाली लपवून वाळत घातलेले, म्हणून कायम दमट, आणि ओलाव्यात बुरशीला वाव.

मी आधी विचारते, कसं जातं? दह्यासारखं घट्ट आणि जीवघेणी खाज असेल तर बहुधा बुरशी. योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्यांनी ती जाते. पातळ, करडं, मासळीसारखा वास असेल तर जिवाणूंचा तोल बिघडलेला, त्यावर मेट्रोनिडॅझोल. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनासचा संसर्ग. यात नवऱ्यालाही औषध घ्यावंच लागतं. थोडं, बिनवासाचं पांढरं जाणं हा मात्र आजार नव्हे. साबणाने आतून धुऊ नका, असं मी कळवळून सांगते. त्याने राखण करणारे जिवाणूच मरतात.

ही कुजबूज एकट्या कर्जतची नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 92 टक्के जणींना स्त्रीरोग होते. आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के.

बायांनो, ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा दिवस गेले असतील, तर दुकानातून गोळी आणू नका. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात या, तपासून घ्या.