वर्डमधलं परिच्छेदांचं अंतर कायमचं कसं बदलावं?

मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला आपण मायक्रोसॉफ्ट वर्ड उघडतो. 'प्रति,' लिहून एन्टर दाबतो, मग 'माननीय मुख्याध्यापक', मग शाळेचं नाव, मग गाव. चार ओळींचा पत्ता पाहता पाहता बोट-बोट अंतरावर पसरतो आणि एका पानात बसणारा अर्ज दुसऱ्या पानावर जातो.

यात आपलं काही चुकलेलं नसतं. एन्टर दाबला की वर्डच्या लेखी परिच्छेद संपतो, आणि प्रत्येक परिच्छेदाखाली थोडी जागा सोडायची असं त्यात आधीच ठरवलेलं असतं. 2003 च्या वर्डमध्ये ही जागा शून्य होती. 2007 पासून ती 10 पॉइंट झाली, 2013 पासून 8. पॉइंट हे छपाईतलं माप. एका इंचात 72 पॉइंट येतात, म्हणजे 8 पॉइंट साधारण तीन मिलिमीटर.

फक्त पत्त्यापुरतीच अडचण असेल, तर सेटिंगला हात लावू नका. शिफ्ट दाबून धरा आणि एन्टर मारा. ओळ बदलते, परिच्छेद तोच राहतो, म्हणून मधली जागा येत नाही.

नेहमीसाठी बदलायचं असेल तर आधी नवी, कोरी फाइल उघडा. हे सांगण्याला कारण आहे. पुढे येणाऱ्या चौकटीतलं सगळंच कायमचं होतं, नुसतं अंतर नव्हे. कर्सर मधोमध घेतलेल्या शीर्षकावर असताना हा बदल केला, तर त्यानंतरची प्रत्येक नवी फाइल मधोमधच सुरू होते आणि कारण काही केल्या सापडत नाही.

आता 'होम' टॅबवर 'पॅराग्राफ' असं लिहिलेला भाग शोधा. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीकसा बाण आहे. त्यावर क्लिक करा.

चौकट उघडली की 'स्पेसिंग'खाली 'बिफोर' म्हणजे परिच्छेदाच्या वरची जागा आणि 'आफ्टर' म्हणजे खालची. दोन्हीकडे 0 करा.

शेजारचं 'लाइन स्पेसिंग' वेगळं आहे. ते परिच्छेदाच्या आतल्या ओळींमधलं अंतर. तिथे 'सिंगल' निवडा. मराठीत लिहिणाऱ्यांनी 'एग्झॅक्टली' हा पर्याय टाळावा. त्यात ओळीची उंची बांधलेली असते. आकडा कमी पडला की वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार छाटले जातात. 'र्की' किंवा 'ट्रू' लिहून पाहिलंत तर लगेच कळेल.

इथे बहुतेक जण 'ओके' दाबतात, आणि मग पुढच्या फाइलमध्ये जुनं अंतर पुन्हा हजर! 'ओके'ने बदल फक्त कर्सर असलेल्या किंवा निवडलेल्या परिच्छेदापुरता होतो. आपल्याला हवं ते बटण खाली डावीकडे आहे, 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट'.

ते दाबल्यावर वर्ड विचारतं: फक्त या फाइलसाठी, की 'नॉर्मल' टेम्प्लेटवरच्या सगळ्या फाइलींसाठी? टेम्प्लेट म्हणजे नव्या कोऱ्या फाइलीचा साचा. दुसरा पर्याय निवडून 'ओके' करा. वर्ड बंद करताना साच्यातले बदल जतन करायचे का असं विचारलं, तर होकार द्या.

जुन्या फाइली मात्र जशा होत्या तशाच राहतील, आणि दुसऱ्याने पाठवलेली फाइल तिचं अंतर बरोबर घेऊन येईल. तिथे कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडा, त्याच चौकटीत 0 लिहा आणि या वेळी 'ओके'च दाबा.

एवढं करूनही फट उरली, तर कंट्रोल, शिफ्ट आणि 8 एकत्र दाबा. परिच्छेदांच्या खुणा दिसू लागतील. नुसती खूण असलेली रिकामी ओळ दिसली, तर तो कोणीतरी जास्तीचा मारलेला एन्टर आहे. तो सेटिंगने जात नाही, हातानेच पुसावा लागतो.