चार केबल, वाट मात्र एक

ई-पीक पाहणीला मुदतवाढ मिळाली की भंडाऱ्यात आता कुणाला नवल वाटत नाही. शेतकऱ्यानेच आपल्या पिकाची नोंद करायचं हे ॲप 15 ऑगस्ट 2021ला राज्यभर आलं. त्यात बांधीतल्या धानाची नोंद नसेल, तर आधारभूत केंद्रावरची विक्री अडते. म्हणून लाखांदूरपासून तुमसरपर्यंत शेवटच्या दिवसांत सगळेच मोबाइल घेऊन धुऱ्यावर. मग ॲप अडकतं आणि खुलासा ठरलेला: सर्व्हरची क्षमता वाढवतोय. प्रत्येक खोळंब्याचं कारण एकच असतं असं नव्हे, पण हा खुलासा मला फारसा पटत नाही.

डेटा सेंटरमध्ये हल्ली एकाच सर्व्हरवर डझनावारी व्हर्च्युअल मशीन चालतात. त्यांच्या डिस्क मात्र बहुधा नेटवर्कपलीकडच्या सामायिक स्टोरेज ॲरेमध्ये असतात. त्यामुळे प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी आणि तरी सगळं ठप्प, असं होऊ शकतं. तुंबलेली असते ती मधली वाट.

ती रुंद करायला 1 गिगाबिटच्या चार केबल एकत्र बांधतात; निविदेत 4 गिगाबिट झोकात दिसतं. आता धान खरेदी केंद्रावर चार काटे मांडा आणि नियम करा: एका शेतकऱ्याची सगळी पोती एकाच काट्यावर, आणि काटा ठरणार आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून. मेश्राम, मोटघरे, मोहतुरे सगळे एकापुढे. बाकी तिन्हीकडचे हमाल तंबाखू मळत बसलेले. केबलच्या जुडीत हेच घडतं. स्विच दोन्ही टोकांचे पत्ते पाहून हिशेब करतो आणि तो संवाद एकाच केबलवर ठेवतो. एक सर्व्हर एकाच स्टोरेज पत्त्याशी बोलत असेल, तर उरलेल्या तीन शोभेच्या.

म्हणून आयस्कझीवाले, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क जोडणारे, जाणकार जुडी न बांधता मल्टिपाथ वापरतात. प्रत्येक केबलला वेगळा पत्ता, आणि वाटणी सर्व्हरच करतो. व्हीएमवेअरच्या राउंड रॉबिन या पाळीपाळीच्या वाटणीत मुळात 1000 विनंत्यांनंतर वाट बदलते. अनेक ॲरे कंपन्या हा आकडा 1वर आणायला सांगतात. खर्च शून्य! मात्र ॲरेच्या दोनपैकी कुठल्या कंट्रोलरकडे ती डिस्क आहे, हे पाहावं लागतं. नाहीतर विनंती भलत्याकडे जाऊन आतल्या आत फिरते.

पुढच्या मुदतवाढीच्या आदेशाला प्रत्येक केबलवरच्या वाहतुकीचा आलेख जोडावा. त्यात तीन रेषा तळाला टेकलेल्या निघाल्या, तर नव्या सर्व्हरची फाइल तिथेच अडवता येईल.