शेरा : गुड

आमच्या घरी माळ्यावर एक हिरवी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात माझ्या पणजोबांची तीन पदके आणि घड्यांवर फाटलेला एक इंग्रजी कागद आहे. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत शिपाई होते. १९४१ साली भरती झाले आणि १९४६ साली सुटून घरी आले. आमच्या घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हते. फार पूर्वी गावातल्या एका शिकलेल्या माणसाने तो कागद पाहून “वर्तणूक गुड, म्हणजे चांगली” एवढेच सांगितले होते. पदके शौर्याची आहेत, हे तर गावाने परस्परच ठरवून टाकले होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, “तू कालेजात जातीस, नीट वाच बघू.”

वाचायला बसले तेव्हा कळले की, नुसते इंग्रजी येऊन भागत नाही. सैन्याची भाषा वेगळीच आहे. इतिहासाच्या सरांची मदत घेऊन जे समजले ते येथे मांडते. कारण आपल्या सातारा जिल्ह्यात अशी ट्रंक नसलेली घरे थोडीच असतील.

आधी पदकांचे. शौर्याचे पदक एका विशिष्ट कृत्यासाठी मिळते. इटलीत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जे केले, त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघेही मराठा पलटणीचेच. आमच्या ट्रंकेतली पदके या जातीची नाहीत. त्यांतील दोन सहा टोकांच्या चांदण्या आहेत. एक ‘१९३९-४५ स्टार’ आणि दुसरी ‘इटली स्टार’. तिसरे गोल पदक ‘वॉर मेडल’. ही सगळी मोहिमेची पदके, म्हणजे ‘तू तेथे होतास’ याची पावती. वॉर मेडल तर युद्धकाळात अठ्ठावीस दिवस नोकरी केलेल्यालाही मिळे. इटली स्टारची फीत तांबडी, पांढरी व हिरवी आहे. ज्या देशात जाऊन लढले त्याच देशाच्या झेंड्याचे रंग छातीवर लावायला दिले, याची मला गंमत वाटली. एक गोष्ट मात्र आवडली. ब्रिटिश शिपायांना ही पदके बिननावाची मिळाली. भारतीय शिपायांच्या पदकांवर बहुधा नंबर व नाव कोरलेले असे. आमच्या पदकांवर आहे. काचेखाली धरून वाचता येते.

पदकांचा आणखी एक प्रकार आहे, तो सद्वर्तनाचा. इंग्लंडात राजा चौथा विल्यम याने १८३० साली लष्करासाठी ‘दीर्घ सेवा व सद्वर्तन पदक’ सुरू केले. १८३६ पासून साध्या शिपायाला सद्वर्तनाची पट्टीही मिळू लागली. हुद्द्याच्या फितीचे टोक खाली असते, हिचे वर. एका पट्टीमागे दिवसाला एक पेनी जादा पगार. गुन्हा घडला की पट्टी काढून घेत, आणि पेनीही जाई. भारतीय शिपायांसाठी वेगळे दीर्घ सेवा पदक १८८८ साली निघाले. आजच्या आपल्या सैन्यातही असे पदक आहे. हे पदक काही केल्याबद्दल नाही, वर्षानुवर्षे काही न केल्याबद्दल मिळते. इंग्रज शिपाई थट्टेने त्याला ‘इतकी वर्षे न पकडले गेल्याचे पदक’ म्हणत! पणजोबांची नोकरी अवघी पाच वर्षांची, तेव्हा हे पदक त्यांना मिळणे शक्यच नव्हते. त्यांच्या वाट्याला आला तो कागदावरचा शेरा.

आणि येथेच मी अडखळले. शिपाई सुटताना त्याच्या वर्तणुकीला शेरा देतात. सर्वांत वरचा ‘एक्झेम्प्लरी’, म्हणजे आदर्श. त्याखाली ‘व्हेरी गुड’, आणि मग ‘गुड’. ज्याला आम्ही तीन पिढ्या शाबासकी समजत होतो, ती तिसरी पायरी निघाली.

शेरा कशावरून ठरतो? प्रत्येक जवानाची सगळी हकिगत ‘शीट रोल’मध्ये लिहिलेली असते. गाव, तालुका, उंची, अंगावरची खूण, वारस, कुठे कुठे गेला ते सर्व. शिक्षांची नोंद वेगळ्या पानावर होते. किरकोळ शिक्षा काळ्या शाईने, कडक शिक्षा लाल शाईने. जवान लोक ‘रेड एंट्री’ म्हणतात ती हीच. आजही चार लाल नोंदी झाल्या की नोकरी जाण्याची वेळ येते; मात्र चार झाल्या म्हणून आपोआप काढता येत नाही, आधी चौकशी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. लाल नोंदीचे एक नेहमीचे कारण म्हणजे रजेवरून उशिरा येणे. १९५० च्या सैन्य कायद्याच्या ३९ व्या कलमात तो गुन्हा आहे, आणि पूर्वीही होता. ‘पुरेशा कारणाशिवाय’ असे शब्द कायद्यात आहेत. पुरेसे कारण कोणते, हे मात्र साहेब ठरवतो.

हे वाचताना मला पणजीची गोष्ट आठवली. आजोबा ती पुष्कळदा सांगतात. १९४३ साली पणजोबा रजेवर आले, तेव्हा त्यांची पहिली मुलगी देवीने आजारी होती. रजा संपली तरी ते गेले नाहीत. मुलगी गेली, तिचे दिवस झाले, आणि मग ते निघाले. तेवीस दिवस उशीर झाला होता. पुढच्या वर्षी ते बोटीने इटलीला गेले.

आणखी एक सांगायचे राहिले. पणजोबांना पेन्शन नव्हती. युद्धासाठी घेतलेले लोक युद्ध संपल्यावर घरी पाठवले, पेन्शनला लागणारी वर्षे त्यांची भरलीच नाहीत. पुढे आपल्या राज्य शासनाने महायुद्धातील अशा सैनिकांना व त्यांच्या विधवांना दरमहा साहाय्य सुरू केले. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायचा, आणि पुरावा म्हणून हाच डिस्चार्जचा कागद लागतो. पणजी शेवटची काही वर्षे दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जात होती. कागद तिच्या डोक्यावर, माळ्यावरच्या ट्रंकेत होता.

आजोबांना शेऱ्याचा खरा अर्थ सांगावा की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे ते तेवीस दिवस त्येंनी लिवून ठेवल्यात.” आणि कागद घडी न घालता, सपाट, माझ्या वहीत ठेवायला सांगितला.