पावसाची चाल आणि डेंग्यूचा ताप

डेंग्यूची साथ पावसाळ्यात येते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पाऊस जितका जास्त तितका डेंग्यू जास्त, हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष खरा नाही, आणि बदलत्या हवामानाचे आरोग्यावरील परिणाम समजून घेताना नेमका तोच दिशाभूल करतो.

हा आजार पसरवणारी एडिस इजिप्ती जातीच्या डासाची मादी पिंप, रांजण, कूलर, कुंडीखालची ताटली, टाकून दिलेले टायर अशा ठिकाणी साचलेल्या पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून अंडी घालते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात व पाणी लागताच फुटतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळताना भांडे नुसते रिकामे करून भागत नाही, ते आतून घासावेही लागते.

तापमानाचा परिणाम याहून सूक्ष्म आहे. रुग्णाचे रक्त शोषल्यानंतर विषाणू मादीच्या आतड्यातून तिच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचेपर्यंत ती कोणालाही रोग देऊ शकत नाही. बाह्य परिपाककाल या नावाने ओळखला जाणारा हा अवधी २५ ते २८ अंश सेल्सियस तापमानात साधारण ८ ते १२ दिवसांचा असतो आणि हवा अधिक उबदार झाली की आखडतो. मादीचे आयुष्यच जेमतेम काही आठवड्यांचे असल्यामुळे वाचलेला प्रत्येक दिवस तिला रोग पसरवण्यासाठी मिळतो. अर्थात यालाही मर्यादा आहे, कारण पारा पस्तिशीपलीकडे गेला की डासच लवकर मरू लागतात.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहरातील डेंग्यूमृत्यूंची हवामानाशी सांगड घातली आहे. २७ अंशांहून अधिक तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि मोसमभर विखुरलेला मध्यम पाऊस एकत्र आले की धोका वाढतो, तर आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळल्यास अंडी व अळ्या वाहून जाऊन तो घटतो, असे त्यांना आढळले. म्हणजे महत्त्व एकूण पावसापेक्षा त्याच्या चालीला, सरी आणि उघडीप यांच्या क्रमाला आहे.

मात्र डेंग्यूला आवरणारी अतिवृष्टी दुसऱ्या रोगाला वाट करून देते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. उंदीर व इतर जनावरांच्या मूत्रातील जिवाणू पुराच्या पाण्यात मिसळून, त्यातून चालणाऱ्यांच्या पायावरील जखमांवाटे शरीरात शिरतात. उलट, पाणीटंचाईच्या काळात लोकांना पाणी साठवून ठेवावे लागते आणि ते झाकलेले नसेल तर पुन्हा एडिसचे फावते. पाणी साठवणे ही त्या कुटुंबांची गरज असते, तेव्हा साथीचे खापर त्यांच्या निष्काळजीपणावर फोडणे अन्यायाचे आहे. नियमित पाणीपुरवठा हाही डेंग्यूवरचा उपायच मानला पाहिजे.

तापमान, पाऊस आणि आर्द्रता यांवरून पुण्यातील धोक्याचा अंदाज सुमारे दोन महिने आधी बांधता येतो, असे याच अभ्यासकांनी दाखवले आहे. फवारणी, घरोघरची तपासणी आणि रुग्णालयांतील खाटा यांची तयारी करण्यास एवढा अवधी पुरेसा आहे, परंतु अन्य शहरांसाठी असे अंदाज हवे असतील तर तेथील रुग्णांच्या आठवडावार नोंदी संशोधकांच्या हाती वेळेवर पडायला हव्यात.