जॅक रसेल टेरियर : मूर्ती लहान, उद्योग महान

जुन्या एचएमव्हीच्या तबकडीवर ग्रामोफोनच्या कर्ण्याकडे कान लावून बसलेला पांढरा कुत्रा आठवतो ना? तो ब्रिस्टलचा निपर. त्याच्यात जॅक रसेल टेरियरचे रक्त होते, असे म्हणतात. चित्रात तो स्तब्ध बसला आहे. घरातला जॅक रसेल मात्र इतका वेळ क्वचितच बसतो.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल (१७९५-१८८३) शिकारीचे शौकीन होते. विद्यार्थी असताना ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून त्यांनी ‘ट्रम्प’ नावाची टेरियर कुत्री घेतली. तिच्यापासून हा वंश सुरू झाला, असे मानतात. कोल्हा बिळात शिरला की मागोमाग आत जायचे आणि त्याला बाहेर काढायचे, हे या कुत्र्यांचे काम. म्हणून उंची २५ ते ३० सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो आणि छाती दोन्ही हातांच्या वेढ्यात मावेल एवढीच. कोल्हा समजून चूक होऊ नये म्हणून रंग मुख्यतः पांढरा.

हे कळले की त्याच्या ‘खोड्या’ही कळतात. कुंड्या उकरणे म्हणजे बीळ खोदणे. सारखे भुंकणे म्हणजे जमिनीखालून मालकाला आपला ठावठिकाणा सांगणे. खार दिसताच सुसाट धावणे, हीही शिकारच. म्हणून रस्त्यावर पट्टा सोडू नका. घरात पांढरे उंदीर, ससा किंवा पक्षी असतील तर ही जात नकोच.

याला काम हवे. रोज किमान तासभर चालणे-पळणे, तेही उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात. घरात खाऊ लपवून वासाने शोधायला लावा. उकरण्यासाठी वाळूची एक पेटी ठेवा. शिकवणी पाच-दहा मिनिटांची, खाऊ देऊन. मारल्याने तो बिथरतो.

केस आखूड असोत वा राठ, आठवड्यातून एक-दोनदा ब्रश पुरतो. गोचीड मात्र रोज तपासा. रेबीजसह सर्व लसी वेळेवर द्या. शिऱ्यातले बेदाणे, कांदा आणि चॉकलेट त्याला विषारी आहेत. मागचा पाय उचलून उड्या मारत चालत असेल तर गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. या जातीत डोळ्यातले भिंग निसटते आणि उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

जॅक रसेल पंधरा वर्षेही जगतो. मुलांच्या हट्टापायी आणलेले पिल्लू मुले शिकायला बाहेरगावी गेल्यावरही घरात असते. दिवसभर गॅलरीत बांधलेला जॅक रसेल भुंकून भुंकून सोसायटीची झोप उडवतो आणि शेवटी दोष त्याच्यावरच येतो. म्हणून पिल्लाची किंमत विचारण्याआधी घरात एकच प्रश्न विचारा : रोज सकाळी याला घेऊन बाहेर कोण जाणार? उत्तर पक्के असेल, तरच आणा. मग असा हुशार, जिवाला जीव देणारा सोबती शोधून सापडायचा नाही.