कुलूपबंद हॉटेलातली परिषद

१९४४चा उन्हाळा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरून महिनाही झालेला नाही. अशात ४४ देशांचे सातशेवर प्रतिनिधी बोलवायचे आहेत, तेही तीन आठवड्यांसाठी. युद्धानंतर जगातली चलनं एकमेकांशी कशी बांधायची, हे त्यांनी ठरवायचं. आता एवढी माणसं उतरवायची कुठे? अमेरिकेनं निवडलं न्यू हॅम्पशरमधल्या ब्रेटन वुड्सचं माउंट वॉशिंग्टन हॉटेल. ते दोन वर्षं कुलूपबंद होतं!

अर्थतज्ज्ञांची परिषद म्हटल्यावर जागा भाड्याचा हिशेब करून ठरली असेल, असं कुणालाही वाटेल. पण पहिलं कारण होतं एका माणसाचं हृदय. ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख, अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स हृदयविकारानं बेजार होते. त्यांनी अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या हॅरी डेक्स्टर व्हाइटना आधीच गळ घातली होती की काहीही करा, पण जुलैत आम्हाला वॉशिंग्टनला नेऊ नका. तिथला दमट उकाडा त्यांना सोसणारा नव्हता. हे हॉटेल १,९१७ मीटर उंचीच्या डोंगराच्या पायथ्याशी, म्हणजे हवा थंड.

दुसरं कारण शुद्ध राजकारणाचं. कराराला अमेरिकी संसदेची मंजुरी लागणार आणि रिपब्लिकन पक्षाचा सूर संशयाचा. चार्ल्स टोबी हे त्या पक्षाचे न्यू हॅम्पशरचे सेनेटर. त्यांची त्याच वर्षी निवडणूक होती. त्यांना शिष्टमंडळात घेतलं आणि परिषदही त्यांच्याच राज्यात आणली. पुढे टोबी कराराच्या बाजूनं उभे राहिले. तिसरं कारण कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्या काळी थंड हवेच्या ठिकाणची कितीतरी अमेरिकी हॉटेलं ज्यूंना दारातूनच परत पाठवत, आणि परिषदेचे अध्यक्ष, अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथॉ, स्वतः ज्यू. या हॉटेलात ती अडचण नव्हती. रेल्वे जवळ, गावगर्दी लांब, हे सगळं त्यानंतरचं.

हॉटेल कसंबसं उघडलं. डागडुजी अर्धवट, नोकरचाकर अपुरे; शेवटी सैनिक हाताशी घ्यावे लागले. केन्स यांच्या पत्नी लिडिया लोपोकोवा या नामांकित बॅले नर्तिका. त्या रात्री खोलीत सराव करत, आणि खालची खोली नेमकी मॉर्गेंथॉ दांपत्याची! दिवसभर चलनाचे दर ऐकायचे आणि रात्री डोक्यावर धपधप. १९ जुलैला केन्स एका बैठकीसाठी जिना धावत चढले आणि त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ज्या हृदयासाठी थंड हवा शोधली, त्याला जिन्यानं गाठलं. सुदैवानं झटका सौम्य होता.

मला नवल वाटतं ते आडबाजूच्या जागेच्या ताकदीचं. राजधानीत संध्याकाळ झाली की जो तो आपापल्या वकिलातीत जातो. इथे जाणार कुठे? दुपारी ज्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं, तोच रात्री जेवताना समोर. मुदत संपली तरी काम उरलं होतं, म्हणून मुक्काम २२ जुलैपर्यंत वाढवला आणि करार झाला. त्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक उभी राहिली.

त्या गर्दीत एक रायगडी माणूसही होता. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्यांच्यासोबत मुंबईचे ए. डी. श्रॉफही होते. युद्धखर्चापोटी ब्रिटनकडे भारताचे पौंड साठले होते. त्यांचा प्रश्न या परिषदेत घ्या, असा भारतीयांचा आग्रह. तो मान्य झाला नाही. हा आम्हा दोघांमधला मामला, असं म्हणून ब्रिटननं तो बाजूला ठेवला. डोंगरातल्या एकांतालाही मर्यादा असतात!

उरला प्रश्न नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या कायमच्या पत्त्याचा. तो मार्च १९४६मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना इथे निघाला. राजकारणापासून चार हात लांब म्हणून केन्स न्यूयॉर्कसाठी अडून बसले. अमेरिकेनं वॉशिंग्टनच मंजूर करून घेतलं. पुढच्याच महिन्यात केन्स गेले. निधी आणि बँक, दोन्हींची मुख्यालयं आजही वॉशिंग्टनमध्येच आहेत.