वऱ्हाडाच्या अंगात साठलेली सत्तर वर्षे

वरूड, मोर्शी, शेंदुरजना घाट या संत्रापट्ट्यात विषाचा विषय निघतो तो कुणी फवारताना भोवळ येऊन पडला, किंवा कर्जापायी कुणी डबा तोंडाला लावला, तेव्हाच. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. ते विष दिसले, कारण त्याने तिथल्या तिथे माणसे मारली. गेल्या सत्तर वर्षांत दुसऱ्याच जातीची विषे आपल्या अंगात मुक्कामाला आली. त्यांनी कुणाला बांधावर पाडले नाही, म्हणून त्यांचा पंचनामाही झाला नाही.

सुरुवात 1953 ची. राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आला आणि गावोगाव डीडीटी पोचली. मलेरियावाले येत, भांडीकुंडी, अंथरुणे अंगणात काढायला लावत, मातीच्या भिंतींवर पांढुरका फवारा मारत आणि दाराशी तारीख लिहून पुढच्या घरी जात. त्या फवाऱ्याचे उपकार नाकारता येणार नाहीत. देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी माणसे हिवतापाने आजारी पडत. 1965 पर्यंत तो आकडा एक लाखाच्या आसपास आला. पण तीच डीडीटी शेतात शिरली. तिच्यासोबत बीएचसी आली, म्हणजे आपल्याकडची गॅमेक्सीन पावडर. पुढे बोंडअळीसाठी एंडोसल्फान आले.

ही तिन्ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तुपातेलात मात्र सहज विरघळतात. मूत्रपिंडे जे बाहेर टाकतात ते पाण्यावाटे. मग न विरघळणारे जाणार कुठे? डीडीटी आणि बीएचसीने चरबी गाठली आणि तिथे वर्षानुवर्षे ठाण मांडले. एंडोसल्फान त्या मानाने लवकर निघून जाते, पण शेतात ते पुन्हा पुन्हा मारले गेले. वऱ्हाडात या विषांना वाटही सोयीची मिळाली. कपाशीवर औषध मारायचे, तिच्या सरकीची ढेप म्हशीला घालायची आणि म्हशीच्या दुधावरची साय, लोणी, तूप घरातल्या लेकरांना, बाळंतिणीला द्यायचे. जे सर्वांत पौष्टिक मानले, त्याच स्निग्धांशावर विषाची स्वारी होती.

हे कळायला उशीर लागला असेही नाही. भारतीय माणसांच्या चरबीतील कीटकनाशकांवरचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत 1965 मध्येच छापून आला होता. पुढे 1993 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 12 राज्यांतील दुधाच्या 2205 नमुन्यांचा अभ्यास मांडला. 82 टक्के नमुन्यांत डीडीटी होती. मर्यादेपेक्षा जास्त डीडीटी असलेल्या नमुन्यांचे प्रमाण सर्वाधिक होते महाराष्ट्रात, 74 टक्के. इतका पुरावा हाताशी असताना शेतीतली डीडीटी 1989 मध्ये बंद झाली, बीएचसी 1997 मध्ये आणि एंडोसल्फान थेट 2011 मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने रोखले तेव्हा. माझ्या मते हा उशीर अक्षम्य आहे. एका पिढीचे बालपण त्यात गेले.

कीटकनाशकांसारखेच अंगात साठतात ते जड धातू. त्यांची चाल मात्र निराळी आहे, आणि इथे एक गैरसमज काढायलाच हवा. शिसे, कॅडमियम यांचे अंश चरबीतही सापडतात, पण तो त्यांचा मुख्य अड्डा नव्हे. शिसे कॅल्शियमची जागा घेत हाडात बसते. प्रौढाच्या अंगातले 90 टक्क्यांहून अधिक शिसे हाडातच असते. गरोदरपणी हाडे झिजू लागली की ते रक्तात उतरून पोटातल्या बाळापर्यंत पोचते. कॅडमियम मूत्रपिंडात दहा-दहा, वीस-वीस वर्षे राहते. मासळीतून येणारा पारा मेंदूवर घाला घालतो. त्यामुळे ‘चरबी उतरवा, धातू धुऊन निघतील’ म्हणत चूर्णे विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. उलट झपाट्याने वजन घटवले, तर चरबीत दडलेली जुनी कीटकनाशके रक्तात उतरतात.

पेट्रोलमधले शिसे 2000 साली गेले. रंगातल्या शिशावर 2017 मध्ये कडक मर्यादा आली. शेतात मात्र धातूंची ये-जा सुरूच आहे. कॅडमियम फॉस्फेटच्या खतातून येते. डिंक्या रोगासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी घेऊन केलेली बोर्डोपेस्ट संत्र्याच्या बुंध्याला लावतात. तिचा निळसर थर पावसाने उतरतो आणि तांबे मातीत राहते. तांबे शिशाइतके घातक नाही, शरीराला थोडे हवेच असते. पण माती ते विसरत नाही, म्हणून बागेच्या माती परीक्षणात त्याचा आकडा बघत चला.

तपासायचे ठरवले तर जमते. निर्यातीच्या द्राक्षांसाठी 2006 पासून ग्रेपनेट ही तपासणीची व्यवस्था आहे. युरोपच्या ताटात जाणारा घड तपासल्याशिवाय बंदर ओलांडत नाही. आपल्या लेकरांच्या दुधालाही तीच काळजी मिळायला हवी. गरोदर बाया आणि लहान मुले यांच्या रक्तातले शिसे तपासण्याची सोय तालुक्याच्या रुग्णालयात व्हावी, ही मागणी आपण ग्रामसभेत ठराव करून लावून धरू.

तोवर घरी करण्यासारखे आहे ते करा. औषधाचा रिकामा डबा पाण्याला, धान्याला वापरू नका. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. मुलांना लोह आणि कॅल्शियम पुरेसे मिळू द्या, कारण ते कमी पडले की शिसे अधिक शोषले जाते. आणि हे सारे वाचून कोणत्याही आईने अंगावर पाजणे थांबवू नये. बाळाला आजही त्याहून चांगले काही नाही.